हसू आणि हसे

छत्तीसगढमधील भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये जामा मशीद, गुरुद्वारा आणि कालीबाडी ही तिन्ही प्रार्थनास्थळे एकाच वस्तीत आहेत. यात आश्चर्य काही नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे नोकरीसाठी येऊन राहिली. बंगाली, पंजाबी, तेलुगू, मल्याळी, ओडिया, मराठी आणि मूळचे छत्तीसगढी अशी कुटुंबे कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये शेजारी शेजारी नांदू लागली. घरात आपापली भाषा आणि फाटकाबाहेर हिंदी, अशी येथील रीत पडली.

अशा वस्तीत थट्टा ही रोजचीच असते. कोणाच्या हिंदीत 'है' आणि 'हैं' यांचा घोळ, कोणाचे 'श' आणि 'स' वेगळे, कोणाच्या जेवणात रोज मासे. ही थट्टा खेळीमेळीची असेल तर शेजार घट्ट होतो. बोचरी असेल तर मने दुरावतात. मराठीने या दोहोंसाठी दोन शब्द राखून ठेवले आहेत. हसू येते, आणि हसे होते. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा विचार करताना हा भेद फार उपयोगी पडतो.

दुर्ग जिल्ह्यात, म्हणजे भिलाईच्या परिसरात, दूरचित्रवाणी प्रथम आली ती हसवण्यासाठी नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांमध्ये शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोग केला. तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे त्यात होते. गावातील सार्वजनिक जागी एक संच असे आणि त्यापुढे गाव जमे. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे त्याचे मुख्य विषय. पुढे १९७७ मध्ये रायपूरला दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय प्रक्षेपण आणि रंगीत चित्र आले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. एकच वाहिनी, एकच वेळ आणि सगळ्या देशाला एकच मालिका, असा तो काळ होता.

त्याच काळात, १९८४ साली, 'ये जो है ज़िंदगी' ही मालिका सुरू झाली. तिचे लेखन हिंदीतील नामवंत व्यंगकार शरद जोशी यांचे होते. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी हे घरातले तिघे. सतीश शाह मात्र बहुतेक प्रत्येक भागात नव्या माणसाच्या रूपात अवतरत. पेंढरकर कुटुंबाच्या 'विको' कंपनीने तिचे प्रायोजकत्व स्वीकारले होते. ज्याला इंग्रजीत 'सिट्कॉम' म्हणतात, तो प्रकार भारतीय घरांत रुजवण्याचे बरेचसे श्रेय या मालिकेला जाते.

या प्रकाराची घडण साधी आहे. एक घर किंवा एक कचेरी, ठरलेली चार-सहा माणसे, वीस-पंचवीस मिनिटांचा अवधी, एक गोंधळ आणि शेवटी त्याचे निवारण. पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा पहिल्या जागी. म्हणून त्याला प्रसंगनिष्ठ विनोदाची मालिका म्हणतात. परंतु हे नाव अर्धेच खरे आहे. उत्तम मालिकेतला प्रसंग बहुधा क्षुल्लक असतो. त्याला रंग चढतो तो स्वभावामुळे. पाहुणा आला हा प्रसंग. यजमान कंजूष आहे आणि ते त्याला कळू द्यायचे नाही, ही त्यातली खरी गंमत. स्वभाव नीट रेखाटला की लेखकाला विनोद शोधावा लागत नाही. तो रेखाटला नाही की मग पडणे, ओरडणे, पुरुषाने साडी नेसणे आणि उच्चारांची टवाळी या ठरावीक गोष्टी सुरू होतात.

१९८८ मधील 'वागले की दुनिया' हे स्वभावनिष्ठ विनोदाचे चांगले उदाहरण आहे. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेला हा मध्यमवर्गीय मराठी कारकून. लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे, दिग्दर्शक कुंदन शाह, वागळ्यांची भूमिका करणारे अंजन श्रीवास्तव कोलकात्यात वाढलेले. मराठी म्हणाव्यात तर त्यांच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या भारती आचरेकर. म्हणजे एका मराठी घराचे हे चित्र अनेक प्रांतांच्या लोकांनी मिळून काढले. तरी त्यात मराठीपणाची टवाळी नाही. वागळ्यांची फजिती होते ती ते साधे, भिडस्त आणि तुटपुंज्या पगारात अब्रू सांभाळणारे आहेत म्हणून. आणि तशी माणसे प्रत्येक भाषेत असतात. हिंदी पडद्यावर मराठी माणूस त्या काळी बहुतांशी हवालदार किंवा घरकाम करणारी बाई म्हणूनच दिसे, हे लक्षात घेतले म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या मालिकेचे मोल काय वाटले असेल, हे उमजते.

मालिकांचा दर्जा पुढे का घसरला, याची कारणे केवळ लेखकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. दूरदर्शनवर मालिका आठवड्यातून एकदा येई आणि अनेकदा तेरा भागांतच संपे. खासगी वाहिन्या आल्यावर आठवड्यातील पाच-सहा दिवस रोज एक भाग हवा झाला. रोज वीस मिनिटे नवे हसू निर्माण करणे कोणाही लेखकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. मग ठरलेले वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेणे हाच मार्ग उरतो. त्यात प्रेक्षकसंख्येच्या मोजणीवर जाहिरातींचा पैसा अवलंबून. ग्रामीण प्रेक्षकांची मोजणी तर 'बार्क' या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केली. तोवर खेड्यातला माणूस हसला काय किंवा कंटाळला काय, हिशेबात त्याची नोंदच नव्हती.

२८ जुलै २००८ रोजी सुरू झालेली 'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही मालिका या दोन्ही गोष्टी एकत्र दाखवते. तारक मेहता यांच्या 'चित्रलेखा' साप्ताहिकातील गुजराती सदरावर ती आधारलेली आहे. तिच्यातील गोकुलधाम सोसायटीत गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ, बंगाली अशी कुटुंबे एकत्र राहतात. भिलाईच्या एखाद्या गल्लीचेच हे चित्र वाटावे. चार हजारांहून अधिक भाग झालेली ही मालिका तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहावी अशी आहे, हा तिचा मोठा गुण. परंतु इतक्या लांबच्या प्रवासात माणसे झिजली. भिडे मास्तर म्हणजे काटकसर आणि जुन्या काळचे गोडवे, अय्यर म्हणजे दाक्षिणात्य उच्चार, एवढेच प्रत्येकाचे स्वरूप उरले. स्वभावाची जागा प्रांताने घेतली की हसू कमी होऊन हसे वाढते.

कोणत्या ठिकाणी हसावे, हेही अनेकदा मालिकाच सांगते. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने मुद्रित हास्य हवे तेथे जोडणारे यंत्र तयार केले, आणि ते हसू पुढे जगभर पसरले. प्रेक्षक एकटा असला तरी भोवती मंडळी हसत आहेत असे त्याला भासते. विनोद फसला तरी हसू चुकत नाही.

याच्या नेमकी उलट रीत छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्यात आहे. तेथे रात्रभर खेळ चालतो, 'जोक्कड़' म्हणजे विदूषक समोरच्या लोकांचा कल पाहून संवाद वाढवतो किंवा आवरता घेतो. हसू आले नाही तर ते उसने आणता येत नाही. रायपूरचे हबीब तनवीर यांनी नाचातील कलावंतांना घेऊन उभे केलेले 'चरनदास चोर' हे नाटक आपल्या आरंभीच्या रूपात भिलाईतच, एका शिबिराच्या निमित्ताने, मोकळ्या मैदानात सतनामी समाजाच्या प्रेक्षकांपुढे झाले होते. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. कधी खोटे न बोलण्याचे व्रत घेतलेला चोर आणि त्याच्यापुढे उघडे पडणारे प्रतिष्ठित, असा त्याचा विषय. तेथे हसे होते ते सत्तेचे आणि ढोंगाचे.

आता प्रेक्षकांवरील परिणामाचा प्रश्न. लेखकाने ज्याचे हसे करायचे ठरवले त्याचेच ते होईल, याची खात्री नसते. 'ऑल इन द फॅमिली' ही अमेरिकी मालिका १९७१ ते १९७९ या काळात चालली. तिचा नायक आर्ची बंकर कृष्णवर्णीयांविषयी आणि परकीयांविषयी आकस बाळगणारा होता. त्याची खिल्ली उडवणे हा कर्त्यांचा हेतू. नील व्हिडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या प्रेक्षकांच्या मनात मुळातच आकस होता त्यांना आर्ची आपलासा आणि बरोबर वाटत होता. भारतात 'हम लोग' या १९८४-८५ मधील मालिकेबाबत असेच घडले. ती विनोदी मालिका नव्हे, परंतु तिचा दाखला येथे लागू पडतो. सारे मुकाट्याने सोसणारी भागवंती ही आई स्त्रियांनी तसे राहू नये यासाठी रंगवली होती. अनेक प्रेक्षकांनी मात्र तिलाच आदर्श मानले. दुसऱ्या बाजूने पाहता, रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात भारतातील ज्या खेड्यांत केबल दूरचित्रवाणी पोहोचली तेथे नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. पडदा माणसाला बदलतो, पण माणूसही पडद्यावर आपल्याला हवे तेच पाहतो.

काळाबरोबर प्रेक्षकाची दृष्टीही पालटते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'देख भाई देख' आणि 'श्रीमान श्रीमती' या १९९० च्या दशकातील मालिका पुन्हा दाखवल्या. पहिलीतील एकत्र कुटुंबाचा गलबला तसाच ताजा राहिला. दुसरीतील शेजाऱ्याच्या पत्नीवर डोळा ठेवण्याचा विनोद मात्र पंचवीस वर्षांनी पूर्वीसारखा निरुपद्रवी वाटणे कठीण होते.

मराठीतही या प्रकाराची परंपरा मोठी आहे. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील 'चिमणराव' ही मालिका १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर गाजली. दिलीप प्रभावळकर त्यात चिमणराव होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. परंतु मुंबईचे प्रक्षेपण भिलाईपर्यंत पोहोचत नसे. तेथील मराठी कुटुंबांना चिमणराव पुस्तकातच भेटत. उपग्रह वाहिन्या आल्यावर हे अंतर मिटले. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून आलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ पासून प्रसारित झाली, आणि आजोबा, मुलगा, सून व नातवंडे यांचे साधे, कोणालाही न दुखावणारे घर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला स्वतःच्या भाषेत पाहता येऊ लागले. त्याच सुमारास शेजारच्या बंगाली घरात बंगाली वाहिनी लागली आणि पलीकडच्या तेलुगू घरात तेलुगू. वागळ्यांच्या फजितीला ही तिन्ही घरे एकाच वेळी हसत असत. टिपऱ्यांच्या घरातले विनोद मात्र पलीकडच्या घराला समजावून सांगावे लागतात.