वर्तुळात फिरणारा कॅमेरा

चित्रपटात कॅमेरा दोन तऱ्हांनी गोल फिरतो. एकीत तो जागा सोडत नाही, ट्रायपॉडवर उभ्या उभ्या स्वतःभोवती वळतो. हा पॅन. दुसरीत गोल रुळांवरच्या ट्रॉलीवर बसून तो माणसांभोवती प्रदक्षिणा घालतो. आपल्याकडच्या सेटवर हिला ‘राउंड ट्रॉली’ म्हणतात. दोन्हींत आकार वर्तुळाचाच, परिणाम मात्र उलटे. राउंड ट्रॉलीच्या केंद्रस्थानी पात्रे असतात आणि मागचे जग वितळत जाते, म्हणून ती प्रेमगीतांची लाडकी. पॅनच्या केंद्रस्थानी कोणीच नसते, असतो तो पाहणारा. प्रायोगिक दिग्दर्शकांना ही पॅनची फेरी अधिक खुणावत आली आहे.

एरवी कॅमेऱ्यामागे दिवे, माइक आणि अख्खे युनिट लपू शकते. पूर्ण 360 अंशांच्या पॅनमध्ये मागची बाजूच उरत नाही. दिवे छताशी किंवा खिडकीबाहेर न्यावे लागतात, माणसे कॅमेऱ्याखाली दबून बसतात किंवा त्याच्यासोबत फिरतात. वेगालाही मर्यादा आहे. सेकंदाला 24 चौकटी असताना एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जायला साधारण सात सेकंद मिळाले नाहीत, तर चित्र थरथरते. लेन्स 40 अंशांची असेल, तर या हिशेबाने नीट फेरीला एक मिनिट लागते. एवढा वेळ प्रेक्षकाला नुसते पाहत ठेवायचे, हे धाडसच.

ते धाडस कॅनडाच्या मायकेल स्नो यांनी टोकाला नेले. ‘ला रेजिओं सांत्राल’ (1971) या तीन तासांच्या चित्रपटासाठी पिएर अबेलूस यांनी कॅमेरा हव्या त्या दिशेला फिरवणारे यंत्र बनवले आणि ते क्यूबेकमधल्या निर्जन डोंगरावर नेले. पडद्यावर माणूस दिसत नाही. खडक, आकाश, आणि मधूनच त्या यंत्राची सावली. शांताल आकेरमान यांच्या ‘ला शांब्र’मध्ये (1972) कॅमेरा एका खोलीत फिरतो, पलंगावर त्या स्वतः असतात, आणि टेबल-खुर्चीला त्यांच्याइतकाच वेळ मिळतो. लॉरा मल्व्ही आणि पीटर वोलन यांनी ‘रिडल्स ऑफ द स्फिंक्स’च्या (1977) मधल्या भागात एका आईचे घर आणि नोकरी तेरा पूर्ण पॅनमध्ये सांगितली. स्त्रीकडे टक लावून पाहणारा नेहमीचा कॅमेरा नाकारण्याची ही ठाम रीत होती.

हंगेरीचे मिक्लोश यांचो यांनी दोन्ही तऱ्हा एकत्र आणल्या. ‘रेड साम’मध्ये (1972) नाचत-गात जाणारे जमाव आणि त्यांच्यात वळणारा कॅमेरा मिळून अख्खा चित्रपट तीसपेक्षाही कमी शॉट्समध्ये उभा राहतो. या वाटेने एक मराठी चित्रपटही गेला.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात पहिल्यांदा रंगमंचावर आले. जब्बार पटेलांच्या त्या प्रयोगात पडदा माणसांचाच होता: ब्राह्मणांची रांग डोलायची, पाठ फिरवायची, क्षणात जमाव व्हायची. 1976 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेल्या तरुणांच्या युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हने त्यावर चित्रपट केला. दिग्दर्शनात के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप होते, नाना फडणवीस मोहन आगाशेंनी केला आणि घाशीराम ओम पुरींनी. त्यातल्या दीर्घ, न तुटणाऱ्या शॉट्सवर यांचोची छाप आहे. ही नक्कल मात्र नव्हे. ज्या नाटकात भिंतच चालते, तिथे कॅमेरा समोर एका जागी ठेवला असता तर नाटकाचा प्राण गेला असता. सत्ता कोणाच्या हाती आहे हे तिथे कोण कोणाकडे पाठ करतो यावरून कळते, आणि ते दाखवायला कॅमेऱ्यालाही वळावे लागते. त्या काळी हे अवघड होते, कारण 35 मिमीचे हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपायचे आणि एक पाऊल चुकले की सगळे पुन्हा.

पुढे हा चित्रपट जवळजवळ दिसेनासा झाला. बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने जपलेल्या प्रिंटवरून त्याची डिजिटल प्रत तयार झाली, म्हणून तो आज पाहता येतो.