चहाच्या आधीची मिश्री

व्यसनांची चर्चा आपल्याकडे दारूपासून सुरू होते आणि बहुतेकदा दारूपाशीच संपते. दारूने मोडलेला संसार शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसतो, रात्रीचा आरडाओरडा गावाला ऐकू जातो, म्हणून दारूबंदीसाठी मोर्चे निघतात आणि त्यात बायका पुढे असतात. त्यांच्यातल्याच कितीतरी जणींच्या कनवटीला किंवा चुलीशेजारच्या कोनाड्यात मिश्रीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची, डबी असते. तिला व्यसन म्हणायला त्या स्वतः तयार नसतात, घरचे तयार नसतात आणि पुष्कळदा दवाखान्यातही तो विषय निघत नाही. दात घासायची जुनी सवय, एवढीच तिची नोंद. मला वाटतं, मिश्री दिवसाच्या ज्या वेळेला लावली जाते त्या वेळेनेच तिचं व्यसनपण झाकून टाकलं आहे, आणि सोडवण्याचे प्रयत्नही त्याच वेळेपासून सुरू व्हायला हवेत.

इतिहास थोडक्यात सांगतो. तंबाखू पोर्तुगिजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आदिलशाहीत रुळली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेगाने ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली. आज महाराष्ट्रात धुराची तंबाखू कमी आणि तोंडात धरायची फार जास्त आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूर न काढता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. देशभरातल्या बायकांत ओढणाऱ्या २ टक्के आणि तोंडात तंबाखू धरणाऱ्या किंवा लावणाऱ्या १२.८ टक्के. गुटखा आणि खर्रा यांवर बरंच लिहिलं गेलं आहे. मिश्री मात्र बाजूलाच राहिली.

काळी तंबाखू तव्यावर पार करपेपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर फिरवायची. भाजल्याने तंबाखूचा कडकपणा जातो, ती निरुपद्रवी होते, असा समज आहे. प्रत्यक्षात निकोटिन राहतंच आणि करपण्यातून बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं वर तयार होतात. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो पहाटेचा हिशेब. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्री झोपण्यापूर्वी मिश्री लावली तर पहाटेपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असतं. मेंदूला त्याची सवय जडलेली असते. त्यामुळे जाग येते तीच जड डोक्याने, चिडचिड घेऊन, कशातच मन लागत नाही अशा अवस्थेत. मिश्री लावली की काही मिनिटांत हे सगळं ओसरतं आणि बाई कामाला लागते. तिला वाटतं मिश्रीने तरतरी आली. खरं तर रात्रभरात पडलेली तूट तेवढी भरून निघालेली असते.

निकोटिनची पकड किती घट्ट आहे हे मोजण्यासाठी जगभर एक प्रश्नावली वापरतात. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रॉम यांच्या नावाने ती ओळखली जाते. मूळची ती सिगारेटसाठी, पण तोंडी तंबाखूसाठीही तिची रूपं झाली. तिच्यातला सर्वांत बोलका प्रश्न अगदी साधा आहे: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते? पाच मिनिटांच्या आत असं उत्तर आलं की सर्वाधिक गुण. एखादा पुरुष डोळे उघडताच अंथरुणातच विडी पेटवत असेल, तर हा पुरता अडकलाय हे घरातलं पोरही सांगेल. त्याच घरातली बाई उठल्याबरोबर, तोंडात पाणीही न घेता मिश्री लावते तेव्हा कुणाच्या मनात शंका येत नाही, कारण सकाळी उठल्यावर दात घासायचेच असतात. व्यसन ओळखायची सर्वांत पक्की खूण इथं शिस्तीच्या, स्वच्छतेच्या खात्यात जमा होते. मिश्री आजवर सुटत आली ती यामुळे.

पोटाचंही असंच. 'मिश्री लावल्याशिवाय परसाकडेला होत नाही' हे वाक्य गावोगाव ऐकू येतं आणि शिकलेले लोक ते अडाणीपणाचं म्हणून सोडून देतात. मी तसं करणार नाही. निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते आणि ते बंद झालं की बद्धकोष्ठ होणं हे निकोटिन सुटतानाचं नोंदलेलं लक्षण आहे. म्हणजे ती बाई आपल्या शरीराबद्दल खरंच सांगत असते. फक्त जो त्रास मिश्री थांबवते तो मिश्रीनेच लावून दिलेला आहे, हे तिला कुणी समजावलेलं नसतं. हिरड्यांच्या ठणक्याचीही तीच गत. लावल्यावर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि जिथं रोज पूड लागते तिथली हिरडी दातापासून सुटत जाते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईला उंबऱ्यावर बसून मिश्री लावायची पाच-दहा मिनिटं हीच काय ती हक्काची विश्रांती, तीही काढून घ्यायची का? आक्षेपामागची कणव मला पूर्ण मान्य आहे. शिळंपाकं खाऊन, भूक मारत काम करणाऱ्यांना निकोटिन भूक दाबून मदतच करतं, हेही खरं. पण म्हणूनच प्रश्न गंभीर होतो. जिला मुळात कमी अन्न मिळतं, तिची भूक दाबणारी वस्तू तिच्या गरोदरपणातही तिच्या तोंडात असते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांत मिश्रीवाल्याच अधिक होत्या. आईचं वय, वजन, रक्तक्षय, सांपत्तिक स्थिती यांचा फरक वजा केल्यावरही त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली. याच मालिकेतल्या २००६ च्या निष्कर्षांत मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला. विश्रांती हवी हे बरोबर आहे. ती द्यायची तर कामाचा वाटा उचलून द्यावी लागेल. राहिला 'आमची आजी नव्वदीपर्यंत मिश्री लावत होती' हा दाखला. जी आजी जगली तिचीच गोष्ट घरात सांगितली जाते. जे बाळ हाती लागलं नाही त्याचं खापर मिश्रीवर कधी फोडलं जात नाही.

कायद्याचा हात इथं तोकडा पडतो. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. निर्णय उत्तमच होता. पण बाजारातून तंबाखूची पानं आणून घरच्या तव्यावर भाजणाऱ्या बाईला तो कसा लागू करणार? आणि करूही नये. शिक्षेच्या धाकाने डबी आणखी आत लपेल एवढंच.

उपाय दवाखान्यात आणि घरात आहे. फुकट टूथपेस्ट वाटून फारसं साधत नाही, कारण पेस्टने दात स्वच्छ होतात, रात्रीची तूट भरत नाही. धूरविरहित तंबाखू सोडवण्यात समुपदेशनाचा उपयोग होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगगमही देता येतं. मात्र हिरड्या सुटलेल्या बाईला च्युइंगगम चावणं अवघड, आणि गरोदरपणात भर समुपदेशनावरच द्यावा लागतो. १८००-११-२३५६ ही सरकारी दूरध्वनी सेवा मोफत आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत 'काही व्यसन आहे का' असं विचारलं की उत्तर 'नाही' असंच येणार, आणि ते मनापासूनचं असणार. 'उठल्यावर किती वेळाने मिश्री लावता' असं विचारलं तर खरं काय ते कळेल. मग आधी चहा, नंतर मिश्री, असं करत ती वेळ रोज थोडी पुढे ढकलायला सांगता येईल, आणि सकाळच्या पोटाच्या तक्रारीसाठी कोमट पाणी, पालेभाजी, लागलंच तर सौम्य औषध आधीच हाताशी ठेवता येईल. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, दोन ते चार आठवड्यांत त्रास पुष्कळ उतरतो. सून सोडू पाहत असेल आणि सासूची डबी त्याच कोनाड्यात असेल तर हे दिवस निभत नाहीत. म्हणून गावातल्या आशा सेविकांनी सासू-सुनेला एकत्र बसवून दोघींचा मिश्री सोडायचा एकच दिवस ठरवावा, आणि पहिल्या तीन सकाळी पाणी भरायचं आणि चूल पेटवायचं काम घरातल्या पुरुषांकडे द्यावं.