चार पायांचं पाहुणं छप्पर

मुलांनो, ‘खोपट’ या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे? लहानशी झोपडी! पण ठाण्यात कुणालाही विचारा, तो तुम्हाला एस. टी. स्टँडच दाखवील. या गजबजलेल्या खोपटात एखाद्या सोसायटीत रक्तदान शिबिर असो की गणपतीतली चित्रकला स्पर्धा, हल्ली आवारात घडीचा तंबू उभा राहतो. बांबू नकोत, काथ्या नको. पिशवीतून सांगाडा काढला, ताणला, की झालं छप्पर! दिसतं इतकं सोपं, म्हणूनच फसगत होते.

आषाढीच्या वारीतल्या राहुट्या पाहिल्यात? आळंदीहून निघालेल्या दिंड्यांचे तंबू रोज नव्या मुक्कामी उभे राहतात आणि सकाळी उतरतात. तिथं मेख ठोकायला माती असते. मेखेचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं ठेवतात, म्हणजे दोरी ताणली तरी ती उपटत नाही. सोसायटीच्या आवारात मात्र फरशी नाहीतर काँक्रीट. मेख ठोकणार कुठं? मग प्रत्येक पायाला वजन बांधायचं. वीस लिटरचा कॅन पाण्यानं भरला की वीस किलो झाले. वाळूची पोती त्याहून बरी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, दुप्पट नव्हे! छत म्हणजे मोठं शीडच की. जोराचा वारा सुटला तर वजनांवर विसंबू नका, माणसं बाहेर काढा आणि तंबू उतरवा.

उभारायला चौघं हवेत, पायागणिक एक. आधी वर पाहा: विजेची तार नाही ना? सांगाडा लोखंडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा असतो. मग चौघांनी तो जरासा उचलून एकदमच मागं सरायचं. एकानं ओढलं आणि दुसरा गप्पा मारत राहिला, की पट्ट्या वाकल्याच म्हणून समजा. अर्धा उघडल्यावर कापड चढवायचं, नंतर हात पुरत नाहीत. पट्ट्या कात्रीसारख्या मिटतात, तेव्हा बोटं लांब! खटके मोठ्यांनी लावावेत. पाय बुटके असतानाच वजनं बांधायची आणि मगच उंची वाढवायची.

आता पाऊस. कापड ढिलं राहिलं की त्यात झोळ पडतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद झोळात सरासरी दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर किती होईल? करा गणित. शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो! एवढं ओझं त्या बारीक पट्ट्यांना कसं पेलणार? म्हणून कापड चारी कोपऱ्यांना ताठ हवं. पाणी साचू लागलंच, तर आतून काठीनं हलकेच वर ढकलून ओतून द्यायचं, मात्र खाली कुणी उभं नाही ना ते पाहून. आणि गडगडाट ऐकू आला तर सरळ इमारतीत जा. तंबू पाऊस अडवतो, वीज नाही.

उतरवताना क्रम उलटा. आधी पाणी काढा, मग पाय बुटके करा, मग खटके सोडा. वजनं काढायची ती अगदी शेवटी. घाईत ती आधी सोडणारे पुष्कळ भेटतात! ओलं कापड तसंच पिशवीत कोंबलं तर त्यावर बुरशी धरते आणि गणपतीनंतर नवरात्रात पिशवी उघडली की नाक धरावं लागतं. जिन्याच्या कठड्यावर दोन दिवस वाळू द्या. कुणी कुरकुर केलीच, तर पुढच्या वर्षी त्यांना बक्षीस समारंभाला पुढची खुर्ची द्या.