पानं मिटायची वेळ

दादर टी.टी.ला टॅक्सी सोडून आम्ही हिंदू कॉलनीत वळतो तेव्हा सव्वासहा वाजलेत. जून लागायला चार दिवस आहेत. डॉ. आंबेडकर रस्त्यावरचा उकाडा अंगाला चिकटूनच आत आलाय. आई काठी टेकत चार पावलं चालते, थांबते, कपाळ टिपायला पदर उचलते आणि न टिपताच सोडून देते. वर बघते. दोन्ही बाजूंच्या विलायती शिरिषांच्या फांद्या रस्त्याच्या मधोमध एकमेकींत शिरल्यात.

"गार आहे गं इथे," ती म्हणते.

गिरगावातली आमची चाळ गणपतीनंतर रिकामी होणार आहे. बिल्डर तीन वर्षांचं भाडं देणार, घर आपलं आपण शोधायचं. आई 76 वर्षांची. फेब्रुवारीत तिचा उजवा गुडघा बदललाय. माझ्याकडे मुलुंडला यायला ती तयार नाही. तिचे डॉक्टर परळला, तिचं भजनी मंडळ गिरगावात. दादर आम्हा दोघींना मध्ये पडतं, म्हणून हे घर. मंगळवारी सकाळी अकराला मी एकटी येऊन पाहून गेलेय. तेव्हा रुईया-पोदारच्या मुलांनी सगळा नाका भरलेला होता आणि एजंट म्हणत होता, "एकदम सेफ एरिया मॅडम, शांत." आईला मी तेच सांगितलं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "शांत म्हणजे रात्री मी पडले तर कुणाला कळणार?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हणून आज दोघी आलोय, आणि अंधार पडेपर्यंत इथून हलायचं नाही असं ठरवून आलोय.

एजंट दारातच उभा आहे. पहिला मजला, एकोणीस पायऱ्या, लाकडी कठडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर. आई खोल्यांकडे फारसं पाहत नाही. स्वयंपाकघरात मात्र ओट्याजवळ उभी राहते. संध्याकाळचे साडेसहा होत आलेत आणि दिवा न लावता तिला नळाखालच्या भांड्याचा तळ दिसतोय. गिरगावात भर दुपारी ट्यूब लावून ती तांदूळ निवडते.

हा उजेड इथे आपोआप आलेला नाही. 1896 साली मांडवीत प्लेग आला; तो ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. लोक पटापट मेले आणि निम्मी मुंबई गावाकडे पळाली. त्या भीतीतून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि दादर-माटुंग्याच्या शेतांवर, दलदलीवर रस्ते आखले गेले. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. साध्या भाषेत सांगायचं तर इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर सोडायची, म्हणजे खालच्या खोलीतल्या माणसालाही आभाळ मिळेल. उजेड आणि वारा हे तेव्हा औषध होतं. आईच्या हातातल्या भांड्यात जे चकाकतंय ते तिथून आलंय असं मला खरोखर वाटतं.

ती आता बाल्कनीत गेलीय. समोर जुन्या इमारतीच्या जागी नवा टॉवर उभा राहिलाय. त्याचे खालचे मजले जाळीच्या भिंतीआड.

"तिथे राहतं कोण?"

"पार्किंग आहे, काकी. वर पोडियम, मग फ्लॅट," एजंट सांगतो.

आई काही बोलत नाही, पण तिची नजर जाळीवरून हलत नाही. गॅलरीतून गल्ली सांभाळणारी बाई आहे ती. चाळीत कोण अनोळखी शिरलं, कुणाचं पोर शाळेतून आलं नाही, हे तिला दुसऱ्या मजल्यावरून कळायचं. इथे शेजारच्या जुन्या इमारतीच्या बाल्कनीत एक आजोबा पेपर घेऊन बसलेत, त्यांना खालचा फुलवाला हाक मारतोय. समोरच्या जाळीतून हाक कोण मारणार? गल्लीत जेवढे टॉवर वाढतील, तेवढी रस्त्याच्या उंचीवरची माणसं कमी होतील, आणि घरांच्या जाहिरातीत कुणी हे सांगत नाही.

खाली उतरतो तर फांद्या छाटायचं काम चाललंय. पावसाळ्याआधी ते होतंच. शिडीची गाडी, वर दोरीला लटकलेला एक पोरगा, हातात कुऱ्हाड. कुऱ्हाडीचा शेवटचा घाव बसतो आणि मांडीएवढी फांदी कडाडत खाली येते. ओल्या लाकडाचा तुरट वास सुटतो. शिरिषाची एकच बाजू, इमारतीकडची, पूर्ण उतरवलीय. सगळा भार आता रस्त्याच्या अंगाला झुकलाय. छाटणी हवीच, पण तोल सांभाळून. एका कुशीवर झुकलेलं झाड जुलैच्या वाऱ्यात कुठल्या बाजूला जाणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

मी बुंध्याशी वाकते. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडलेत आणि फटीत सिमेंट ओतलंय. त्या सिमेंटच्या कडेवरून साल फुगून बाहेर आलीय, घट्ट अंगठीवर बोट सुजावं तशी. बोट घालायला माती नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं. इथे चार बोटंही मोकळी नाहीत. पाणी मुरत नाही, मुळं श्वास घेत नाहीत, वर छत्री तेवढीच मोठी. त्यात पिठ्या ढेकणाने मुंबईतले कितीतरी शिरीष गेल्या काही वर्षांत उभ्याउभ्या वाळले. पडलेल्या झाडाखाली माणूस गेला की सगळे वाऱ्याला दोष देतात. माझा राग या सिमेंटवर आहे.

आणि आईचा राग वर आलेल्या ब्लॉकांवर. मुळं जिथे जिंकलीत तिथे फुटपाथ उचलला गेलाय. ती काठीने एकेक ब्लॉक ठोकून बघते. तिसरा हलतो.

"हा पावसात मला पाडणार," ती म्हणते आणि फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरते.

गेटपासून थोड्या अंतरावर इस्त्रीवाल्याचं टेबल आहे, झाडाच्याच आडोशाला. तो न सांगता प्लास्टिकची खुर्ची पुढे करतो. "बसा आजी." आई बसते. तिला तिथे ठेवून मी आंबेडकर रस्ता ओलांडून पारशी कॉलनीकडे निघते. सिग्नलला माझ्यासारख्या धडधाकट बाईलाही पळावं लागतं; तिला तर मधल्या दुभाजकावर थांबूनच जावं लागेल. हे मी मनात टिपून ठेवते.

पलीकडे एकदम दुसरं गाव. मंचेरजी जोशींनी ट्रस्टकडे पाठपुरावा करून मध्यमवर्गीय पारशांसाठी 103 भूखंड मिळवले, आणि रस्त्यारस्त्याला वेगळं झाड लावून घेतलं. जाम-ए-जमशेद रोडला अशोक, फिरदौसी रोडला महोगनी. महोगनीखाली या वेळी काळोख दाट आहे. खांबावरचे दिवे लागलेत, पण त्यांचा उजेड पानांतच अडकतो आणि फुटपाथवर ठिपके ठिपके पडतात. समोरून एक मुलगी येतेय, पाठीला सॅक, कानात काही नाही. ती फुटपाथ रिकामा असून रस्त्याच्या मधून चालतेय. तिच्यामागून येणारी बाईही मधूनच. मला आधी कळत नाही. मग लक्षात येतं की मीही मधूनच चालतेय. फुटपाथ झाडांच्या आणि उभ्या गाड्यांच्या मध्ये सापडलाय, तिथे कोण उभं आहे ते दिसत नाही. छाटायच्याच असतील तर दिव्यासमोरच्या या चार डहाळ्या आधी छाटायला हव्यात. फाइव्ह गार्डनला पोचल्यावर मात्र श्वास मोकळा होतो. चालणारे, पळणारे, भेळ खाणारे, बाबागाड्या, आणि बाकांवर मांडीला मांडी लावून बसलेली कॉलेजची पोरं, ज्यांच्याबद्दल तक्रारी होतात. त्यांच्यामुळेच इथून एकटं जायला भीती वाटत नाही, हे तक्रार करणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

परत हिंदू कॉलनीत येते तेव्हा सव्वासात होऊन गेलेत, आणि एक गोष्ट बघून मी उभीच राहते. शिरिषांनी पानं मिटलीत. मघाशी जिथे छत होतं तिथे आता जाळी झालीय, आणि जाळीतून राखाडी आभाळ दिसतंय. महोगनी पानं मिटत नाही, शिरीष मिटतो. खांबावरचा दिवा इथे थेट रस्त्यावर उतरलाय. आईच्या पांढऱ्या पातळाची कड मला गल्लीच्या तोंडापासून ओळखू येते.

तिने तेवढ्या वेळात सगळं काढून घेतलंय. पाणी कुठे भरतं? दक्षिणेला हिंदमाता, उत्तरेला किंग्ज सर्कल, मध्ये ही कॉलनी. दोन्हीकडे पाणी चढलं की मधे अडकायचं. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिलीमीटर पडला त्या दिवशी, इस्त्रीवाल्याने टेबल दोरीने झाडाला बांधून ठेवलं होतं. हिंदमाताला आता जमिनीखाली साठवणीच्या टाक्या केल्यात, तेव्हापासून पाणी लवकर ओसरतं असं तो म्हणतो. माटुंगा स्टेशन 2017 पासून सगळं बायकाच चालवतात, हेही आईला त्यानेच सांगितलंय आणि ते तिला फार आवडलंय. केईएमला टॅक्सीने किती वेळ, रात्री औषधाचं दुकान कितीपर्यंत उघडं, शेजारच्या बाल्कनीतले आजोबा एकटेच असतात आणि त्यांचा मुलगा टोरंटोला. "दारातली पिशवी आत घेतलेली नाही असं दूधवाल्याने पाहिलं की वर हाक मारायची असं ठरलंय त्यांचं," आई सांगते. म्हणजे तिला तिचं उत्तर मिळालंय, निदान अर्धं.

दुसरं अर्धं मी सांगते, कारण ते लपवणं मला बरं वाटत नाही. याच कॉलनीत राजगृह आहे, बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर. 7 जुलै 2020 ला कुणीतरी आत शिरून तिथल्या कुंड्या फोडल्या. इतक्या मोठ्या माणसाच्या घरी, इतक्या सभ्य वस्तीत. झाडं आणि शांतता मध्ये पडली नाहीत.

"हो, माहितीये," आई म्हणते. "रस्त्यावर कोण होतं तेव्हा?"

इस्त्रीवाला शेवटची चादर घडी घालतो. कोळशाची इस्त्री विटेवर टेकवतो. राखेत एक ठिणगी अजून जिवंत आहे. आई त्याला विचारते, तो किती वाजता आवरतो. साडेनऊ. मग ती उठते, काठी टेकते आणि त्याच्या टेबलापासून इमारतीच्या गेटपर्यंत पावलं मोजत जाते. मी मागे चालते. गेटला हात लावून ती वळते.

"एकतीस. इथून हाक दिली तर जाईल त्याला ऐकू."

एजंट घड्याळ बघतोय. टोकन आज दिलं तर बरं, दुसरी पार्टी आहे, तो म्हणतो.

"रविवारी रात्री दहाला येतो आम्ही परत," आई त्याला सांगते.

इस्त्रीवाला मान वर करतो. "रविवारी मी नसतो आजी. बंद असतं."

"म्हणूनच यायचंय रे बाबा," ती म्हणते आणि खुर्ची उचलून त्याच्या टेबलाखाली सरकवते.