मारुती ८००: ‘इंजिनचं काम काढावं लागेल’ म्हणाले, तर आधी हे बघा

आजचा भाग गाडीवर आहे, पण नव्या नाही. मारुती ८००. तुमच्यापैकी काहींच्या घरी ती अजून पार्किंगमध्ये उभी असेल, किंवा कुणी ओळखीचा ‘शिकायला घे, स्वस्तात देतो’ म्हणत मागे लागला असेल. आणि मग ठरलेला प्रश्न येतो: मिस्त्री म्हणतो इंजिनचं काम काढावं लागेल, काढू का?

थांबा. हे इंजिन आपणहून सहसा मरत नाही. त्याला मारते ती उष्णता. बाकीच्या बहुतेक तक्रारी इंजिनच्या बाहेर लटकलेल्या, शे-पाचशेच्या वस्तूंच्या असतात. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे डीबगिंगसारखंच वाटतं. फरक एवढाच की इथे लॉग नाही, एरर कोड नाही. कार्ब्युरेटरवाल्या ८००ला स्कॅनर लावायला जागाच नाही. आवाज, वास, धूर आणि टेम्परेचरचा काटा, एवढाच डेटा.

आधी इंजिन समजून घेऊ. नाव एफ८बी. डिझाइन सुझुकीचं. पहिली ८०० ग्राहकाच्या हातात गेली डिसेंबर १९८३मध्ये, उत्पादन थांबलं जानेवारी २०१४मध्ये. तीन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक ७२ मिलिमीटर. कॅल्क्युलेटर काढा: एका सिलिंडरचे साधारण २६५ सीसी, तिघांचे मिळून ७९६. म्हणजे ‘८००’ हे नाव चार सीसी वाढवून सांगितलेलं आहे! ताकद साधारण ३७ अश्वशक्ती. आजच्या मानाने काहीच नाही, पण गाडीचं वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणून चालून जातं. २०००च्या सुमारास एमपीएफआय आलं. आज मी त्याआधीच्या, कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांबद्दलच बोलतोय.

आता तक्रार नंबर एक: गाडी थरथरते, पिकअप नाही, ‘मिसिंग’ करते. तीनच सिलिंडर असल्यामुळे एक बंद पडला की थेट तिसरा हिस्सा ताकद गेली. ऑफिसमधल्या एका मित्राच्या गाडीला एका गॅरेजने याच लक्षणावर पिस्टन-रिंगचा खर्च सांगितला होता. आम्ही रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू केलं, तर एका प्लगच्या वायरीतून निळी ठिणगी बाजूच्या पत्र्यावर उडताना दिसली. जुनी वायर, रबर तडकलेलं. वायरींचा सेट बदलला, विषय संपला.

तुम्हीही बघू शकता. इंजिन चालू ठेवून, इन्सुलेशन असलेल्या पकडीने, एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. आवाज बदलला, इंजिन आणखी अडखळलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी सापडला. (हाताने करू नका. झटका हजारो व्होल्टचा असतो.) मग क्रमाने प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप. जुन्या मॉडेलमध्ये पॉइंट असतात, त्यांची फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी लागते. ते झिजले की फट बदलते आणि टायमिंगही सरकतं. हे सगळं ठीक निघालं तरच कम्प्रेशन तपासायला सांगा. गेज लावून आकडा दाखवल्याशिवाय रिंग गेल्यात हे कुणाचं ऐकू नका.

दुसरी तक्रार इंधनाची, आणि ही हल्ली वाढणार. कार्ब्युरेटर म्हणजे काय, तर हवा अरुंद गळ्यातून वेगात जाते, तिथे दाब कमी होतो आणि बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल ओढलं जातं. भोकाचा आकार ठरलेला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९च किलो. नवी गाडी सेन्सरवर हे ओळखून इंधन वाढवते. आपली ८०० जुन्याच मापाने सोडत राहते, म्हणजे मिश्रण पातळ. सकाळी स्टार्टिंगला त्रास, ॲक्सिलरेटर दाबला की आधी एक आचका, मग पिकअप. चांगला मिस्त्री जेट आणि मिक्स्चर स्क्रू बघून बरंच सुधारू शकतो.

पण मला जास्त काळजी रबराची वाटते. या गाडीचे पाइप आणि पंपाचा पडदा या इंधनासाठी बनलेलेच नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, झिरपतात. गरम इंजिनजवळ पेट्रोल झिरपणं ही गंमत नाही. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी हलवू नका, आधी पाइप बदला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं.

मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप चालू होते? इंधनाचा पंप इंजिनच्या हेडवरच बसवलेला आहे. तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पंपाला ढकलता येत नाही. जुने ड्रायव्हर ओलं फडकं ठेवतात ते उगाच नाही.

आता खरा व्हिलन. गाडी गरम होणं. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, जास्त तापलं की वाकतं, गॅस्केट जातं, आणि मग खरोखरच काम काढावं लागतं. सुरुवात मात्र फालतू असते: बोअरचं पाणी ओतून ओतून रेडिएटरमध्ये क्षार साचलेले, नाहीतर फॅन लागतच नाही. फॅनला बॅटरीवरून थेट करंट द्या. फिरला, तर फॅन चांगला, दोष फ्यूज, वायर किंवा थर्मोस्विचमध्ये. यावर ‘थर्मोस्टॅट काढून टाकू’ हा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं आणि मूळ दोष तसाच राहतो. नवा थर्मोस्टॅट बसवा आणि पाण्याऐवजी कूलंट भरा.

काटा वर चढला तर बाजूला थांबा, इंजिन बंद. झाकण तासभर तरी उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर येतं. पूर्ण थंड झाल्यावर झाकण काढून गाडी सुरू करा. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलची पट्टी चहासारखी दुधाळ दिसली, तर गॅस्केट गेलं. इथे मिस्त्री बरोबर आहे. हेड उघडलं की फेसिंग करून घ्या, नुसतं गॅस्केट बदलून बंद करू देऊ नका.

विकत घेताना दोन गोष्टी. गाडी थंड असतानाच बघायला जा, विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. स्टार्ट करताना क्षणभर निळा धूर आला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील, परवडतं. चालताना रेस दिल्यावर सतत निळा धूर आला तर रिंग, सोडून द्या. आणि टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललेला नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.