बालपणीचा आघात आणि वैद्याचे सुहृद्-कर्तव्य

मूल रडत असो, जेवत नसो वा ऐकत नसो, राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला भिववू नये, अशी सूचना चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात आहे. बालकाला दरडावू नये, झोपेतून एकाएकी उठवू नये, असे सुश्रुतही बजावतात. बालमनावरील भीतीचे गांभीर्य आपल्या आचार्यांनी जाणले होते.

अमेरिकेत सॅन दिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात फेलिटी व अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांची माहिती संकलित केली. मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, घरातील व्यसन वा हिंसा यांपैकी जितके अधिक प्रकार बालपणी वाट्याला आले, तितके नैराश्य, व्यसन व हृद्रोग यांचे प्रमाण पुढे अधिक आढळले.

असे रुग्ण आपल्याकडे अनिद्रा, अम्लपित्त, हृद्द्रव वा जुनाट शिरःशूल घेऊन येतात. तपासण्या निर्दोष असतात. औषधाने उपशय मिळतो, पण तक्रार पुन्हा उद्भवते. अशा वेळी प्रश्नपरीक्षेत बालपणाविषयी शांतपणे विचारावे. सोबतचा नातेवाईकच भीतीचे कारण असू शकतो, म्हणून रुग्णाला स्वतंत्र बोलण्याची संधी द्यावी. मात्र तपशील खोदून काढू नयेत. ‘झाले ते विसरा’ हे सांत्वन नव्हे. ‘यात तुमचा दोष नव्हता’ हे आश्वासन होय.

भय-शोकादी भावांतून उद्भवलेल्या उन्मादाचे शमन विरुद्ध भावांनी करावे आणि सुहृदाने रुग्णास आश्वस्त करावे, असे चरक सांगतात. बालपणीचा प्रत्येक आघात म्हणजे उन्माद नव्हे, तरी हे तत्त्व येथे मार्गदर्शक ठरते. त्याच अध्यायातील तर्जन-त्रासनाचे उपाय मात्र आधीच भ्यालेल्या जीवावर योजणे सर्वथा अनुचित, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे कार्य एकट्या वैद्याचे नाही. मानस व्याधींत चरकांनी ‘तद्विद्यसेवा’, म्हणजे त्या विषयाच्या जाणकारांचा आश्रय, सांगितली आहे. समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ आणि समदुःखी व्यक्तींचे आधारगट हे आजचे तद्विद्य होत. ठाण्याची १९९० साली स्थापन झालेली आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्यक्षेत्रात कार्यरत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातील बालकांसाठी १०९८ ही सेवा आहे. तिचा आरंभ १९९६ साली मुंबईत झाला. आत्मघाताचा विचार व्यक्त झाल्यास रुग्णाला एकटे न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पोहोचवावे. त्याची चालू मानसोपचाराची औषधे परस्पर बंद करू नयेत.

अठरा वर्षांखालील बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे वा होण्याची शक्यता असल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. गोपनीयतेची सबब येथे चालत नाही. न कळविणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ व बालसंरक्षण यंत्रणा यांची एकपानी सूची करून प्रत्येक चिकित्सालयात ठेवावी, असे आम्ही सुचवितो. वर्षानुवर्षे दाबलेली व्यथा रुग्ण प्रथमच उच्चारतो, तेव्हा पुढे कोणाकडे पाठवावे, याचे उत्तर वैद्याच्या हाताशी असावयास हवे.