लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची पालट व हिशेबाचे जतन

नागपुरातील इतवारीला लागून असलेली गांधीबाग ही कापडाच्या घाऊक व्यापाराची जुनी पेठ होय. रोजकीर्द व खतावणी एके काळी लाल बांधणीच्या चोपड्यांत असत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून विवरणपत्रे संगणकाद्वारेच भरावी लागतात. यास्तव एखाद्या पेढीवरील दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप मंदावला, म्हणजे प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. त्या कायद्याच्या ३६व्या कलमाप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. आणि पुष्कळदा ते त्या एकाच यंत्रात असतात.

मंदपणाचे खापर सामान्यतः प्रक्रियकावर फोडले जाते. वस्तुतः विलंब बहुधा फिरत्या चकतीत असतो. लॅपटॉपमधील चकती बहुतेक मिनिटास ५४०० फेरे घेते. एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती नोंद वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी साडेपाच. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी १२ च्या आसपास. अर्थात इतस्ततः विखुरलेल्या साठ नोंदीही एका सेकंदात वाचून होत नाहीत. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीत, फिरणारे काहीच नसल्यामुळे हाच काळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या घरात येतो. जुन्या यंत्राची साटा जोडणी सेकंदास ३०० मेगाबाइटांपुरती असली तरी हा लाभ बुडत नाही. मात्र साटापूर्वीच्या, ४४ टाचण्यांच्या जोडणीचे यंत्र असेल, तर त्यावर खर्च करण्यात हशील नाही. शिवाय विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले; ती उणीव नवी एसएसडी भरून काढीत नाही.

पेचकसाचे काम अर्ध्या तासाचे आहे. वीज तोडावी, बॅटरी काढावी (ती आत बसविलेली असल्यास तिची जोडणी सोडवावी), स्क्रू काढून जुनी डिस्क आडवी सरकवून बाहेर घ्यावी. जुन्या डिस्क बहुधा साडेनऊ मिलिमीटर जाड असतात, तर अडीच इंची एसएसडी सात. फरकापुरती चौकट लावावी लागते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, त्यातही कृत्रिम धाग्यांच्या ठाणांमध्ये वावरणाऱ्याच्या अंगी स्थिर विद्युत सहज साठते. म्हणून भूसंपर्कित धातूस स्पर्श केल्यावाचून आत हात घालू नये.

खरी कसोटी त्याआधीच्या नकलेची. सबंध डिस्कची प्रतिकृती करण्याचा मोह होतो. परंतु जुनी डिस्क थकलेली असेल, तर ती मध्येच थांबण्याचा संभव असतो. म्हणून प्रथम केवळ हिशेबाच्या फायली तिसऱ्या ठिकाणी उतरवाव्यात, प्रतिकृतीचा विचार मागाहून. डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर घरगुती प्रयत्न तेथेच सोडून जाणत्याकडे जावे. प्रत्येक फेऱ्यागणिक पृष्ठभाग खरवडला जाण्याचे भय असते. नक्कल झाली असे यंत्राने सांगितले म्हणजे ती झालीच, असे मुनिमाने मानू नये. नव्या ड्राइव्हवरून खतावणी उघडून दोन-चार खात्यांच्या शिलका जुन्या छापील उताऱ्यांशी पडताळाव्यात.

जुन्या डिस्कचे काय करावे, याचा विचार क्वचितच होतो. एसएसडीत नोंद विद्युतभाराच्या रूपाने राहते आणि तो भार हळूहळू झिरपतो. सामान्य ग्राहकाच्या एसएसडीने, लेखनाची आयुर्मर्यादा संपल्यावरही, विजेवाचून ३० अंश सेल्सियसला एक वर्ष नोंद टिकवावी, अशी जेडेक या संस्थेची अपेक्षा आहे. तापमान वाढले की ही मुदत घटते. आणि नागपूरचा मे महिना तर ४० अंशांच्या वरचा. कपाटात बंद करून ठेवण्यास चुंबकीय चकती त्या मानाने बरी. तेव्हा रोजचे काम एसएसडीवर चालवावे आणि जुनी डिस्क सुस्थितीत असल्यास ती न पुसता, तारीख लिहून जपावी. वर्षातून एकदा, विवरणपत्राच्या सुमारास, ती यूएसबी पेटीत घालून जोडावी आणि एखादी खतावणी उघडते की नाही ते पाहावे. तिचा आरंभ नव्याने करावा काय, असे यंत्राने विचारल्यास नकार द्यावा.